पाडायला काढलेल्या काँक्रीट पुलाची नोंद कशी ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा ते कराड पट्ट्यात, जुन्या पुणे–बेंगळुरू रस्त्यावर, एका नदीवर पाच गाळ्यांचा काँक्रीटचा पूल आहे. चौपदरीकरणात महामार्ग बाजूने गेला, शेजारी नवे पूल झाले, आणि हा पूल गावच्या वाहतुकीपुरता उरला. आता तोही पाडायचं ठरलंय. विचारणाऱ्या बाई पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकवतात. हाताशी शेवटच्या वर्षाची मुलं, कॉलेजचं टोटल स्टेशन (अंतर-कोन मोजायचं यंत्र) आणि एका मुलाच्या मामाचा ड्रोन. कोनशिला नाही, गावात सगळे पुलाला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतात. पाडण्याआधी त्याची नीट नोंद कशी ठेवायची, ड्रोनवरून केलेलं थ्रीडी मॉडेल पुरेल का, जुने कागद कुठे मिळतील आणि झालेलं काम शेवटी द्यायचं कुणाकडे, असे त्यांचे प्रश्न.

माझी सगळी नोकरी पुलांच्या तपासणीत गेली, आधी खात्यात आणि नंतर सल्लागार म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी ड्रोनचं. पुरणार नाही. ड्रोन जरूर उडवा, पण थ्रीडी मॉडेल म्हणजे पुलाची कातडी. दगडी कमानीचा पूल असता तर कातडीवरून बरंच कळलं असतं, कारण तिथे भार पेलणारा दगड डोळ्यांसमोर असतो. काँक्रीटच्या पुलात निम्मं काम सळईचं, आणि ती आत. गर्डरमध्ये, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या आडव्या तुळईत, किती सळ्या आहेत, कुठे वाकवल्या आहेत, टोकाला आकडा (हूक) आहे का, यातलं काहीही ड्रोनला दिसत नाही. म्हणून दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून मनाशी पक्क्या करा. एक, नोंदीत डोळ्यांनी पाहून मोजलेलं आणि डोक्याने ठरवलेलं कधीही मिसळू द्यायचं नाही. नकाशावर पाहिलेलं अखंड रेषेत, अंदाजाचं तुटक रेषेत. मजकुरातही तेच पथ्य. दोन, पूल पाडला जाईल तो दिवस तुमच्या कामाचा शेवट नाही. तो सगळ्यात मोलाचा दिवस आहे. त्यावर पुढे लिहितो.

अशा नोंदीची घाई का करायची, तर जुने पूल आता फार झपाट्याने जातात. 2 ऑगस्ट 2016 ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला आणि राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचा धडाका लागला. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, तेव्हा पुन्हा तेच. तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तपासणीचा अहवाल पूल सुरक्षित आहे की धोकादायक एवढंच सांगतो. तो कुणी, कशा पद्धतीने, कसल्या मालातून बांधला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पूल पाडल्यावर तो अहवालही फायलीत जातो. दगडी पुलासाठी निदान चार लोक हळहळतात. काँक्रीटच्या पुलासाठी कुणी पत्रकसुद्धा काढत नाही. शंभर वर्षं भरलेली नसतात, त्यामुळे केंद्राच्या स्मारकांच्या कायद्यातही तो बसत नाही. उरते ती तुमची नोंद.

आता पुलावर जाऊ. पहिलं काम क्रमांक ठरवण्याचं. गाळे पुण्याच्या बाजूने मोजायचे, म्हणजे रस्त्याचं साखळी-अंतर (सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) वाढतं त्या दिशेने: गाळा 1 ते 5, पुण्याकडचा पीलपाया (काठावरचा टोकाचा आधार), पिअर म्हणजे मधले खांब 1 ते 4, कोल्हापूरकडचा पीलपाया. कोल्हापूरकडे तोंड करून उभे राहिलात की तुमच्या पट्ट्यात उजवा हात सह्याद्रीकडे येतो, म्हणजे पाण्याच्या वरच्या अंगाला, आणि डावा कृष्णेकडे. गर्डरना वरच्या अंगाकडून अ, ब, क म्हणा. हे ठरवून पहिल्याच पानावर लिहा आणि मग शेवटपर्यंत बदलू नका. मुलं निम्मे फोटो ‘डावी बाजू’ आणि निम्मे ‘गावाकडची बाजू’ अशा नावांनी ठेवतात, आणि वर्षभराने त्यांचं त्यांनाच कळत नाही.

मोजमापाला टोटल स्टेशन आहे हे उत्तमच. पण गर्डरची रुंदी, कठड्याच्या खांबांमधलं अंतर, कर्बची (रस्त्याच्या कडेच्या उंचवट्याची) उंची ही मापं टेपनेच घ्या, आणि प्रत्येक माप मीटरसोबत फूट-इंचातही मांडून पाहा. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. गाळा 12.19 मीटर भरला तर तो 40 फूट आहे. रस्त्याची रुंदी 6.71 मीटर म्हणजे 22 फूट, 7.32 म्हणजे 24 फूट. मापं अशी फुटांत नेमकी बसायला लागली, की आराखडा काढणारा माणूस फूटपट्टी घेऊन बसला होता हे नक्की. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, आणि बांधकामाच्या नकाशांत मीटर-मिलिमीटर रुळायला साठचं दशक आलं. तेव्हा फुटांतला पूल साधारणपणे त्याआधीचा. मात्र ‘त्याआधीचा’ म्हणजे ‘इंग्रजांचा’ नव्हे! स्वातंत्र्यानंतरची पंधरा वर्षं आपल्याच इंजिनिअरांनी फुटांत पूल बांधले, आणि या रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या दिसणाऱ्या पुलाला लोक बेधडक ब्रिटिशकालीन म्हणतात. माझ्या मते तुमचा पूल 1930 ते 1960 मधला कुठलाही असू शकतो. ही तीस वर्षांची फट अरुंद करत आणणं हेच तुमचं संशोधन.

कर्ब मोजताना आणखी एक हिशेब करून ठेवा. जुन्या पुलांवर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढलेले असतात. कर्बची मूळ उंची 9 इंच होती आणि आज वर 3 इंचच दिसतोय असं धरा. म्हणजे 6 इंच, सुमारे 150 मिलिमीटर, डांबर चढलंय. 24 फूट रुंदी आणि 40 फुटांचा गाळा घेतला तर ते तेरा घनमीटरच्या वर जातं, वजन तीस टनांच्या आसपास. प्रत्येक गाळ्यावर एक भरलेला दहाचाकी ट्रक कायमचा उभा असल्यासारखं हे झालं. आराखडा काढणाऱ्याने हे वजन धरलेलं नव्हतं. मूळ उंची अंदाजाने धरू नका. पाणी जायचे स्पाउट किती खोल बुजलेत ते बघा, किंवा कडेला लहानसा खड्डा घेऊन थर मोजा. खड्ड्याच्या कडेला थर वेगवेगळे दिसतात, त्यांचा फोटो पट्टीसकट घ्या.

आता गर्डरच्या अंगाकडे बघा, आणि घाई करू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, म्हणजे तिरपा उजेड पडतो; सावलीतल्या गर्डरवर टॉर्च अगदी पृष्ठभागाला समांतर धरा. काँक्रीटवर आडव्या बारीक रेषा उठतील. त्या सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या. फळीची रुंदी मोजा. लाकडाचे पदर, गाठी, खिळ्यांची डोकी, दोन फळ्यांच्या फटीतून ओघळून गोठलेलं सिमेंटचं पाणी, सगळं तिथे छापलेलं असतं. एखादी ठळक गाठ निवडा आणि तीच दुसऱ्या गाळ्यात सापडते का बघा. सापडली तर तीच फळी दोन्हीकडे वापरली होती. आणि ज्या गाळ्यात फळ्यांच्या कडा धारदार उमटल्या आहेत तो आधी ओतला. जिथे कडा झिजलेल्या, फटी रुंदावलेल्या दिसतात तो नंतर. कुठल्याही दप्तरात न मिळणारा बांधकामाचा क्रम असा पुलाच्या अंगावरच मिळतो. तसंच ओतकामाचा सांधा शोधा: गर्डर आणि स्लॅब यांच्यामध्ये, किंवा गर्डरच्याच उंचीत, एक लांबलचक रेघ जाते. दिवसाचं काम तिथे थांबलं होतं.

कुठे कोपरा फुटलेला असेल तर आतली खडी बघा. हाताने फोडलेली काळ्या दगडाची खडी कोनदार असते आणि आकाराला एकसारखी नसते; नदीतले गोटे वापरले असतील तर ते गुळगुळीत. त्या काळात खडी फोडण्याचं काम बहुतेक ठिकाणी वडार समाजातल्या बायका-पुरुषांनी हातोडीने केलं. माल मापाने, 1:2:4 असा (सिमेंट, वाळू, खडी), आणि पुष्कळदा हातानेच कालवून घमेल्यांनी वर चढवलेला. हे नोंदीत ‘संभाव्य’ म्हणून लिहा. कागद मिळाला तर ‘नक्की’ करा.

खालच्या बाजूला सळई उघडी पडली असेल तर तीच तुमची पहिली खिडकी. ती साधी गोल आहे, पिळाची चौरस आहे, की अंगावर आडवे उंचवटे असलेली टोर, ते पहिल्यांदा लिहा. आपल्याकडे टोरचा वापर साठच्या दशकात वाढला, त्यामुळे साधी गोल सळई ही जुनेपणाची आणखी एक खूण. मग जाडी. 3/4 इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, 7/8 म्हणजे 22.2, एक इंच म्हणजे 25.4, सव्वा इंच म्हणजे 31.75. गंजलेल्या सळईवर टेप लावून इंचाची आणि 25 मिलिमीटरची सळई वेगळी ओळखता येणारच नाही. तारेच्या ब्रशने घासून, गंज कमी असलेल्या जागी व्हर्नियर लावा, तीन-चार ठिकाणी घ्या आणि सगळे आकडे लिहा, फक्त सरासरी नको. गंज फुगतो, त्यामुळे घासण्याआधीचं माप जास्त भरतं आणि घासल्यावरचं मूळपेक्षा कमी. हे दोन्ही माहीत असलं की पुढचा वाचणारा स्वतः ठरवेल.

बेअरिंगकडे, म्हणजे गर्डर पिअरवर जिथे टेकतो त्या टेकणाकडे, मुलांना मुद्दाम पाठवा, कारण तिथे वाकून बघायला कुणाला आवडत नाही. लोखंडी पट्ट्यांचं सरकतं बेअरिंग आहे, रोलर-रॉकर आहे, की नुसता डांबरी कागद घालून गर्डर टेकवलाय? लोखंडी असेल तर त्यावर ओतशाळेचा ठसा आहे का, ते घासून बघा. गर्डरचं टोक पिअरच्या टोपीवर किती टेकलंय आणि सगळे गर्डर सारखेच टेकलेत का, हे प्रत्येक ठिकाणी मोजा. तुमच्या भागात याला वेगळा अर्थ आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने पाटण-कराड भाग हादरला. पूल त्याआधीचा असेल तर टेकण सरकल्याच्या, नंतर भरून घेतल्याच्या, कठडा वेगळ्या मालाने बांधल्याच्या खुणा सापडू शकतात. सापडल्या तरी ‘भूकंपाने झालं’ असं लिहू नका. ‘टेकण पूर्वेकडच्या गर्डरला इतकं कमी, भरावाचा माल वेगळा’ एवढंच लिहा. कारण नंतर, तुटक रेषेत.

पिअर दगडी आहेत असं तुम्ही म्हणता. तिथे पाण्याच्या अंगाची निमुळती नाकं, दगडांवरच्या टाक्यांच्या खुणा, दर्ज्यांचा माल, आणि नदीचा तळ. वाळूच्या उपशाने आपल्या नद्यांचे तळ खाली गेलेत. पिअरवर पूर्वीच्या तळाची रेषा दगडाच्या रंगावरून कळते. तिथून आजच्या तळापर्यंत किती अंतर आहे ते लेव्हल लावून काढा. पाया उघडा पडलाय का तेही दिसेल. पुराच्या खुणा रंगवलेल्या असतील तर त्यांची उंची घ्या आणि गावातल्या माणसाकडून साल विचारून घ्या. सांगलीकरांना आयर्विन पुलाजवळचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे तोंडपाठ असतं, कारण ते आकडे रोज छापून येतात. तुमच्या पुलावरच्या खुणेला असा कुणी वाली नाही. ती दगडासोबत जाईल.

चाचण्यांबद्दल थोडंच. साधा हातोडा घेऊन गर्डर ठोकत जा; खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तिथे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय, खडूने गोल करा आणि फोटो घ्या. रिबाउंड हॅमर (उसळीवरून काँक्रीटची ताकद दाखवणारं उपकरण) कॉलेजात असेल तर वापरा, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो आणि हॅमर आतल्या ताकदीपेक्षा बरीच जास्त ताकद दाखवतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन ते साडेचार किलोमीटर आला तर काँक्रीट चांगल्यात मोडतं, तीनच्या खाली गेला तर शंकास्पद. हे आकडे परिशिष्टात टाका. पूल किती भार घेईल यावर मत देऊ नका. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या वेगळ्या मार्गदर्शिका आहेत आणि सही करणारा वेगळा माणूस लागतो. कोअर (चाचणीसाठी कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढायचा असेल तर लेखी परवानगीशिवाय यंत्र लावू नका.

फोटोंसाठी मोबाइल चालेल, पण शिस्त हवी. प्रत्येक गाळ्याचा दोन्ही अंगांनी, शक्य तितक्या समोरून, कॅमेरा आडवा-तिरका न करता एक फोटो; सोबत चार मीटरचा लेव्हलिंग स्टाफ उभा धरलेला. मग खालून, मग तपशील. तपशिलाच्या फोटोत पट्टी आणि खडूने लिहिलेला क्रमांक दिसलाच पाहिजे. ढगाळ दिवस लांबच्या फोटोंना चांगला, तिरपा उजेड जवळच्या. वहीत फोटो क्रमांक, जागा, दिशा, तारीख. अमेरिकेत 1969 पासून अभियांत्रिकी वारशाची नोंद करणारा सरकारी उपक्रम चालतो. त्यांचं सूत्र साधं आहे: मोजून काढलेले नकाशे, मोठ्या आकाराचे फोटो आणि लिहिलेला इतिहास. पैसा त्यांच्याकडे जास्त, पण या तिन्ही गोष्टी तुम्हालाही जमतील.

एक धोक्याची सूचना. गर्डरखाली आग्या मोहोळ असतं. दगड मारून, धूर करून ते उठवायचा शहाणपणा करू नका. मोहोळ असलेला गाळा सोडा, लांबून फोटो घ्या, आणि पोळी रिकामी झाल्यावर परत जा. पीलपायाच्या मागे वेडी बाभूळ आणि साप, दोन्ही गृहीत धरा. काम पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यात. आणि ऊस तोडणीच्या हंगामात पुलावर मोजमाप करायचं नाही, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या तिथे कुणासाठी थांबत नाहीत.

कागदांचं बघू. सुरुवात उपविभागीय कार्यालयातून करा. रस्ता बाजूला पडल्यावर जुना तुकडा बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे वर्ग होतो, तेव्हा आधी मालक कोण ते शोधा. मग पुलांची नोंदवही मागा, जुनी मोजमाप पुस्तकं आणि अमोनिया प्रिंट (नकाशांच्या जुन्या छापील प्रती) मागा. थेट माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याआधी कनिष्ठ अभियंत्याशी चहा घेऊन बोला. अर्ज आला की कार्यालय उत्तर देण्याच्या तयारीला लागतं. बोललात तर कपाट उघडतं. कपाटाची किल्ली बहुतेक वेळा एखाद्या निवृत्तीला आलेल्या कारकुनाकडे असते आणि नकाशा कुठल्या गठ्ठ्यात आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

शोधताना नावं बदलली आहेत हे विसरू नका. सांगली जिल्हा 1949 ते 1960 ‘दक्षिण सातारा’ होता, तेव्हा कराडच्या खालचा काही शोधत असाल तर सांगलीच्या नावावर काही सापडणार नाही. 1960 आधीच्या नकाशावर मुंबई सरकारचं शीर्षक असेल. रस्ता मुंबई–पुणे–बेंगळुरू म्हणून, नंतर राष्ट्रीय महामार्ग 4 आणि आता 48 म्हणून नोंदलेला. आणि जागा संस्थानी हद्दीत होती का ते बघा. औंध, फलटण, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशा संस्थानांच्या हद्दी या भागात एकमेकींत घुसलेल्या होत्या. संस्थानाचा पूल असेल तर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याचं दप्तर रिकामंच निघेल. मग पुराभिलेख संचालनालयाची पुण्याची आणि कोल्हापूरची कार्यालयं गाठायची.

फायलीचं शीर्षक पैशावरूनही शोधता येतं. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ते समितीने 1928 ला अहवाल दिला आणि 1929 ला पेट्रोलवरच्या करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढच्या वर्षांत अनेक पुलांना या निधीतून पैसा मिळाला, त्यामुळे पुलाच्या नावाने न सापडलेली फाइल निधीच्या नावाने सापडू शकते. युद्धानंतरच्या कामांसाठी 1943 ची नागपूर योजना आणि मग पंचवार्षिक योजनांची शीर्षकं चाळा.

कागद अजिबात नाहीच मिळाले तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. जुना एक इंच–एक मैलाचा आणि नंतरचा 1:50,000 चा, दोन्ही शेजारी ठेवा. एकात उतार (नदी पाण्यातून ओलांडायची जागा) आणि दुसऱ्यात पूल दिसला तर बांधकाम त्या दोन सर्वेक्षणांच्या मधलं. सर्वेक्षणाचं साल समासात असतं, ते घ्या, छपाईचं नव्हे. साताऱ्याचं 1885 चं गॅझेटियर त्या काळचे रस्ते आणि नदी ओलांडायच्या होड्या कुठे चालायच्या ते सांगतं. तिथे तुमच्या जागी होडी चालू असेल तर निदान खालची मर्यादा मिळाली. साताऱ्याच्या नगर वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायला दोन धीराची मुलं बसवा. उद्घाटनाच्या बातमीपेक्षा ‘रस्ता बंद राहील’ अशी जाहीर नोटीस लवकर सापडते.

माणसांकडून माहिती घेताना साल विचारू नका. कुणालाच साल आठवत नाही, आणि आठवलंच तर चुकीचं. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात हा होता का?’, ‘तेव्हा पलीकडे ऊस होता की जोंधळा?’ असं विचारा. आजी सांगतात, ‘मी लग्न होऊन आले तेव्हा बैलगाडी पाण्यातनं घातली होती.’ लग्नाचं साल घरच्यांकडून काढता येतं. हे सगळं बोलणं परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करा आणि अहवालात ‘ऐकीव’ म्हणून वेगळं ठेवा.

आता पाडण्याचा दिवस. कंत्राटदार ब्रेकर लावतो, काँक्रीट खाली पडतं, सळई वेगळी होते आणि भंगारवाल्याची गाडी उभीच असते. दोन-तीन दिवसांत तुमचा सगळा पुरावा वितळायला निघून जातो. म्हणून कार्यकारी अभियंत्यांना आजच पत्र द्या आणि नेमकं मागा. पहिली गोष्ट, एका गाळ्यातला एक गर्डर टोकापासून मध्यापर्यंत एका अंगाने काळजीपूर्वक मोकळा करावा, बाकी हवं तसं तोडावं. दुसरी, त्यातल्या सळ्यांचे प्रत्येक जाडीचे तीन-तीन, साधारण मीटरभर लांबीचे तुकडे कॉलेजला द्यावेत. तिसरी, एक बेअरिंग आणि कठड्याचा एक खांब बाजूला काढून ठेवावा. एवढंच मागितलंत तर बहुतेक अधिकारी हो म्हणतात. संग्रहालय करा म्हणालात तर फाइल फिरत राहील.

मोकळ्या गर्डरमध्ये काय बघायचं? मध्यावर खालच्या बाजूला किती सळ्या, किती थरांत. टेकणाकडे जाताना त्यातल्या किती 45 अंशांत वर उचलल्यात आणि कुठून; जुन्या आराखड्यात कातरभार (गर्डरला आडवा कापू पाहणारा भार) पेलायला या वाकवलेल्या सळ्यांवर मोठी भिस्त असायची. रिंगा (मुख्य सळ्यांना वेढणाऱ्या बारीक सळ्या) किती जाडीच्या, त्यांच्यातलं अंतर मध्यावर आणि टोकाला वेगळं आहे का. साध्या सळईच्या टोकाला आकडा आहे का. गोल सळई काँक्रीटला नुसत्या अंगाने पुरेशी धरत नाही, म्हणून आकडा लागायचा. जोड कसे दिलेत, सळ्या एकमेकींवर चढवून की वेल्ड करून. कव्हर प्रत्यक्षात किती. ताज्या तुटलेल्या तोंडावर लगेच फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारा: गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, रंगहीन राहिलं तेवढी खोली कार्बन डायऑक्साइडने खाल्ली. ती खोली कव्हरच्या पुढे गेली असेल तर सळई का गंजली ते समजलं. फोटो लगेच घ्या, तोंड शिळं झालं की वाचन फसतं.

तुम्ही आधी तुटक रेषेत काढलेला गर्डर आता अखंड रेषेत काढायचा. अंदाज चुकला असेल तर जुना नकाशा फेकू नका, दोन्ही जोडा. पोरांना यातून जेवढं समजेल तेवढं वर्गात वर्षभर शिकवूनही समजत नाही. सळईचे तुकडे यूटीएमवर (ताण देऊन ताकद मोजायच्या यंत्रावर) ओढून बघा. साध्या सळईला 250 मेगापास्कलच्या आसपास यील्ड (सळई कायमची ताणली जाऊ लागते तो ताण) अपेक्षित आहे, तुमची किती येते ते लिहा.

सुरक्षेचं मात्र कडक. यंत्र चालू असताना पुलाच्या खाली किंवा वर एकही मूल नको. साइट इंजिनिअर सांगेल तेव्हाच, बहुधा जेवणाच्या सुट्टीत, हेल्मेट घालून, दोन-दोनच्या गटाने आणि फक्त जमिनीवर उतरवलेल्या गर्डरपाशी जायचं. अर्धवट लटकणाऱ्या स्लॅबखाली चांगल्या फोटोसाठी जाणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एक असतो. त्याला आधीच वही सांभाळायला बसवा.

शेवटी हे द्यायचं कुणाला. नकाशे तीन मापांत काढा: पूर्ण पूल 1:100, गर्डरचा छेद 1:20, बेअरिंग आणि कठडा 1:5. जाड कागदावर छापलेल्या प्रती करा, कारण थ्रीडी मॉडेलची फाइल वीस वर्षांनी उघडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. फोटो टिफमध्ये, अहवाल पीडीएफमध्ये, ड्रोनचे मूळ फोटो तसेच. एक प्रत बांधकाम विभागाला, एक कॉलेजच्या ग्रंथालयाला, एक नगर वाचनालयाला. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयालाही विचारा. 1947 पासूनच्या त्या संस्थेत या भागातल्या इंजिनिअरांच्या पिढ्या शिकल्या आहेत आणि अशा कामाची किंमत तिथे कळेल. सळईचे तुकडे, बेअरिंग आणि कोअर एका खोक्यात, प्रत्येकावर गाळा, गर्डर आणि जागा तैलरंगाने लिहून. नुसती चिठ्ठी चिकटवलीत तर पहिल्याच पावसाळ्यात गळून पडेल. आणि प्रत देताना प्रत्येक ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्या.